शास्त्रांतील जुने शब्द कसे वाचावे

वाचनाचे भाग : १ शमुवेल ९, मत्तय २० : १–१६, नहेम्या ८ : १–८

शौल आपल्या बापाचीं हरवलेलीं गाढवें शोधावयास निघाला, ही गोष्ट आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. डोंगर हिंडून झाले, शिदोरी संपली, बाप आतां गाढवें विसरून मुलाचीच काळजी करीत असेल असें वाटूं लागलें. तेव्हां बरोबरच्या गड्यानें सुचविलें कीं, या नगरांत देवाचा एक माणूस आहे, त्यास विचारून पाहूं. गड्याच्या गांठीस पाव शेकेल रुपें होतें, तें त्यास द्यावें असें ठरलें. गोष्ट अशी रंगांत आली असतां लिहिणारा मध्येंच थांबतो आणि आपल्या वाचकांस एक शब्द समजावून देतो. तो सांगतो कीं, त्याच्या वेळचे लोक ज्यास संदेष्टा म्हणत, त्यासच मागल्या पिढ्यांत द्रष्टा असें नांव होतें. एवढें सांगून तो पुन्हां शौलाच्या वाटेस लागतो.

पुष्कळ वर्षें आम्ही हें नववें वचन घाईनें ओलांडीत होतों. कथेंत तें अडथळ्यासारखें वाटे. आतां मात्र तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. शमुवेलाच्या दिवसांपासून तो ग्रंथ लिहिला जाईपर्यंत इस्राएलाची बोली बदलली होती, हें त्यावरून उघड दिसतें. आणखी असें कीं, पवित्र लेखकानें जुना शब्द पुसून टाकिला नाहीं; पण तो न समजतां वाचकास पुढेंही जाऊं दिलें नाहीं. दोनच वचनांनंतर शौल पाणी भरावयास निघालेल्या मुलींशीं बोलतो, तेव्हां त्याच्या तोंडीं द्रष्टा हाच जुना शब्द आहे.

आमच्या मराठी शास्त्राचेंही असेंच आहे. नवा करार मराठींत प्रथम १८११ सालीं सेरामपुरास छापला गेला. म्हणजे मराठी भाषांतरांस आतां दोनशें वर्षें होऊन गेलीं. त्यानंतर तीं वारंवार सुधारलीं गेलीं, तरी त्यांत ठेवलेले कांहीं शब्द अजून जागच्या जागीं आहेत आणि त्यांचे अर्थ मात्र बाहेर बाजारांत पालटले आहेत.

अशा शब्दांत पहिला मान 'शुभवर्तमान' या शब्दाचा. तरुणांच्या एका सभेंत एका बंधूनें मोठ्या कळकळीनें सांगितलें कीं, भूतकाळ गेला, भविष्यकाळ देवाच्या हातीं, म्हणून ख्रिस्त आम्हांस शुभ वर्तमान, म्हणजे चांगला चालू काळ, देतो. बोध वाईट नव्हता. पण त्या शब्दाचा तो अर्थ नव्हे. आमच्या पणजोबांच्या मराठींत वर्तमान म्हणजे बातमी. पेशवाईंतील पत्रांत इकडील वर्तमान तिकडे कळविलें जात असे. बातम्यांच्या कागदास वर्तमानपत्र म्हणतात तें याचमुळें, आणि मोल्सवर्थ साहेबांच्या १८५७ सालच्या कोशांतही हा अर्थ आहे. पुढें शाळेंतील व्याकरणानें वर्तमानकाळ मुलांच्या तोंडीं बसविला, आणि जुना अर्थ केवळ वर्तमानपत्राच्या पोटांत राहिला. आतां पाहा, या फरकानें काय होतें. बातमी ही घडलेल्या गोष्टीची असते. ती घेऊन कोणीतरी यावें लागतें, आणि ज्यास ती पोंचली नाहीं तो तिच्याविना राहतो. चालू काळ सर्वांसच आहे, त्यासाठीं कोणी पायपीट करीत येण्याचें कारण नाहीं. शुभवर्तमान म्हणजे चांगला काळ असें ठरलें, तर खेडोपाडीं जाणाऱ्या उपदेशकाचें काम काय उरतें?

'मंडळी' हाही असाच एक शब्द. जुन्या सभ्य रीतीप्रमाणें गृहस्थ पत्नीचें नांव घेत नसत, 'आमची मंडळी' असें म्हणत. त्यामुळें पौल मंडळीस ख्रिस्ताची वधू म्हणतो याचें आमच्या ओळखीच्या एका वृद्ध वडिलांस कधींच नवल वाटलें नाहीं. मूळ ग्रीक शब्दांत तसें कांहीं नसून त्याचा अर्थ बोलावून जमविलेली सभा एवढाच आहे, हें त्यांस सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

आतां आपल्या पाठांतील शब्दाकडे येऊं. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढ्यांत संदेष्ट्यास भविष्यवादी म्हणत. तो शब्द मनांत असला कीं यशया, यिर्मया, आमोस हे पुढें घडणाऱ्या गोष्टी सांगणारे पुरुष, एवढेंच डोळ्यांपुढें राहतें. गांवांत भविष्य सांगणारा म्हणजे पंचांग उघडणारा, हात पाहणारा किंवा म्हैस कोणत्या दिशेस गेली तें सांगणारा. मग आपले लोकही पाळकाकडे त्याच हेतूनें येतात. मुलीचें लग्न जमेल काय, विहिरीस पाणी लागेल काय, असें विचारून उत्तर मिळेना, तर कोणा फिरत्या मनुष्यास घरीं बोलावून, दक्षिणा देऊन त्याच्याकडून 'भविष्यवाद' ऐकतात. असा एक संसार कर्जांत बुडालेला आम्हीं पाहिला आहे.

संदेष्टा या शब्दानें ही वाट पुष्कळ अंशीं बंद केली. संदेष्टा म्हणजे निरोप घेऊन आलेला माणूस. त्या निरोपांत पुढें काय होणार हें कधीं असतें, कधीं नसतें. नाथान दाविदाकडे गेला तो राजाचें पाप त्याच्या तोंडावर सांगावयास. आमोस उठला तो जोड्याच्या एका जोडीसाठीं गरिबास विकणाऱ्यांविरुद्ध. शौल स्वतः तरी काय समजून निघाला होता? रुपें द्यावें आणि गाढवांचा ठिकाणा घ्यावा, इतकेंच. शमुवेलानें गाढवें सांपडल्याचें एका वाक्यांत सांगून तो विषय संपविला, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे, गड्यास पुढें पाठवून, जो निरोप द्यावयाचा होता तो दिला.

परंतु ज्या शब्दानें आमच्या स्वतःच्या हातून नुकसान झालें, तो असा भारी शब्द नव्हता. तो रोज हाताळण्यांतला होता : रुपया.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायांत द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टांत आहे. मूळ ग्रंथांत नाण्याचें नांव दीनार. हें रोमी चांदीचें नाणें असून तें शेतमजुराची एका दिवसाची पुरी मजुरी होती. खेड्यांतील ऐकणारास दीनार म्हणजे काय तें कळणार नाहीं, म्हणून आमच्या लोकांत चालणाऱ्या मराठी भाषांतरांत तेथें रुपया घातला गेला. हेतु चांगलाच होता. त्या काळीं रुपया सोळा आण्यांचा, चांदीचा, आणि खेड्यांतील एका दिवसाच्या मजुरीहून मोठा होता. तो ऐकून मजुरास धनी फार सढळ हाताचा वाटत असेल. पुढें १९५७ सालीं दशमान पैसे आले, आणे गेले, रुपयाची किंमत उतरत गेली. आज रुपयांत चहाचा घोटही मिळत नाहीं. एकाच शब्दामुळें तोच धनी आजोबांस उदार आणि नातवास कंजूष वाटूं लागला.

पाळकपणांत नवे असतांना आम्ही द्राक्षबागांच्या मुलुखांत एका मंडळींत होतों. तेथें या दृष्टांतावर आम्हीं उपदेश केला. त्यांत सांगितलें कीं, धन्यानें ठरविलेली मजुरी थोडी असली तरी करार तो करार, मजुरानें त्याबद्दल कुरकुर करूं नये. मजुरी थोडी होती हें शास्त्रांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. रुपया हा शब्द पाहून आम्हींच तें ठरवून टाकिलें होतें.

दोन वर्षांनीं मंडळींतील एका बागाईतदार बंधूनें छाटणीच्या कामास आलेल्या बायांस आसपासच्या बागांपेक्षां कमी हजेरी दिली. बाया कुरकुरल्या. त्याही आपल्याच मंडळींतल्या होत्या. तेव्हां त्यानें घरांतून पुस्तक आणून तोच भाग वाचून दाखविला, आणि पाळकांनींच याचा अर्थ असा सांगितला आहे असें म्हटलें. तें खोटें नव्हतें.

त्या बायांत एक विधवा होती. ती आमच्याकडे आली नाहीं; तिची सासू आली. ओट्यावर बसून ती म्हणाली, "पाळकबाबा, देवाच्या मळ्यांत बी असंच असंल, तर आमी जायचं कुठं?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. रात्रीं आम्हीं ईश्वरविज्ञान शाळेंतील आपलीं जुनीं टिपणें बाहेर काढलीं. त्यांत आमच्याच अक्षरांत लिहिलें होतें कीं, दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. परीक्षेपुरतें तें आम्हांस ठाऊक होतें. व्यासपीठावर उभे राहिलों तेव्हां तें आठवलें नाहीं.

एका दिवसाची मजुरी म्हणजे काय, हें अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायावरून कळतें. मजुराची मजुरी त्याच दिवशीं, सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी, कारण तो गरीब असून त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, अशी तेथें आज्ञा आहे. संध्याकाळीं दीनार हातांत पडला तर त्या रात्रीं घरांत भाकर होणार, नाहीं तर नाहीं. आतां दृष्टांत पुन्हां वाचा. दिवस मावळावयास एकच तास उरला असतां ज्यांस कामावर घेतलें, त्यांसही धन्यानें पुरा दीनार दिला. पहांटेपासून राबलेल्यांचीं मुलें जेवलीं, तशीं या दिवसभर चौकांत उभे राहिलेल्यांचींही जेवलीं. सकाळच्या मजुरांनीं कुरकुर केली ती आपणांस कमी मिळालें म्हणून नव्हे. दुसऱ्यास आपल्याइतकें मिळालें म्हणून. आपलें द्रव्य आपल्या इच्छेप्रमाणें खर्च करण्याचा हक्क धनी सांगतो, तो अधिक देण्याचा हक्क होय. आमच्या बागाईतदार बंधूनें तोच हक्क कमी देण्यासाठीं लावला, आणि तो अर्थ त्याच्या हातीं आम्हीं दिला होता.

पुढील रविवारीं आम्हीं व्यासपीठावरून आपली चूक कबूल केली. मग त्या हंगामांतील पुऱ्या हजेरीचा आंकडा रुपयाच्या जागीं घालून तो भाग पुन्हां वाचला. उपासना संपतांच तो बंधु कोणाशीं न बोलतां निघून गेला. पुढच्या छाटणीस त्यानें इतरांइतकी हजेरी दिली असें ऐकण्यांत आलें. ती विधवा मात्र त्याआधींच मुलांस घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली होती. आम्ही तेथें होतों तोंपर्यंत ती त्या मंडळींत परत आली नाहीं.

प्रभूच्या प्रार्थनेंतही असे दोन शब्द आहेत. एक परीक्षा. शाळेच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीं मुलें ही विनवणी फार मनापासून करितात, आणि निकाल लागल्यावर ती ऐकिली गेली नाहीं असें म्हणतात! येथें परीक्षा म्हणजे सोनार सोनें कसोटीवर घांसून पाहतो तसा प्रसंग, ज्यांत मनुष्याचा विश्वास टिकेल कीं नाहीं असें होतें. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीं हें एकदां नीट सांगितलें म्हणजे पुरे.

दुसरा शब्द ऋण. तो आतां सभेंतील आभारप्रदर्शनांत जाऊन बसला आहे. 'मी आपला ऋणी आहे' असें म्हणणारास कोणी वही काढून व्याज सांगत नाहीं. तोच गोड अर्थ मनांत ठेवून आपण प्रार्थना म्हटली, तर आपलीं ऋणें सोडण्याची विनवणी निव्वळ शिष्टाचाराची होते. परंतु १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जाचे रोखे जाळले, आणि ती धामधूम नगर जिल्ह्यांतही पसरली. त्या पिढीच्या मनुष्यानें प्रार्थनेंत ऋण हा शब्द ऐकिला असेल, तेव्हां त्यास अंगठा उठविलेलें खत दिसलें असेल, गहाण पडलेली जमीन दिसली असेल. प्रभूचे ऐकणारे त्याच्याच जवळचे होते. त्यांच्या अरामी बोलींत कर्ज व पाप या दोहोंस एकच शब्द चालत असे. म्हणूनच मत्तय या ठिकाणीं ऋणें असें लिहितो व लूक पापें असें लिहितो.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनें याचा हिशेबच मांडला आहे. राजाच्या चाकराचें कर्ज दहा हजार तालांत. एका तालांताचे सहा हजार दीनार धरले, तर ६ कोटी दिवसांची मजुरी झाली. वर्षाला ३०० दिवस काम मिळालें असें समजलें तरी तें फेडावयास २ लाख वर्षें लागावीं. त्याच चाकरानें ज्या सोबत्याचा गळा धरिला, त्याचें देणें होतें १०० दीनार. तेंही लहान नव्हे हें लक्षांत ठेवावें. सवातीन महिन्यांची मजुरी कोणा गरिबास सोडून देणें सोपें नाहीं. क्षमा करणें म्हणजे मनांत राग न ठेवणें, इतकेंच आपण समजतों. दृष्टांतांत मात्र क्षमा करणाराच्या पदरचें कांहीं जातें.

जकातदार या शब्दाविषयीं थोडेंच सांगतों. मुंबईची जकातही १ जुलै २०१७ रोजीं बंद झाली, तेव्हां आजच्या मुलांनीं जकातनाकें पाहिलेलेंच नाहीं. त्यांस सांगावें कीं, तो परकी सत्तेसाठीं कर उकळणारा मक्तेदार किंवा त्याचा हस्तक असे, आणि ठरल्याहून जास्त घेऊन तो आपलें घर भरीत असे. एवढें कळलें म्हणजे जक्कय चौपट परत देण्याचें कां बोलला तें निराळें सांगावें लागत नाहीं.

कोणी म्हणेल, मग शास्त्रांतील सर्व जुने शब्द काढून नवे कां घालूं नयेत? घालावे, आणि विद्वान मंडळी तें काम करितच आली आहे. पंडिता रमाबाईंनीं केडगांवास राहून, मूळ भाषांचा अभ्यास करून, साध्या बायाबापड्यांस समजेल अशा मराठींत सगळें शास्त्र उतरविलें. १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या आणि तें पुस्तक १९२४ सालीं छापून निघालें. आज शंभर वर्षांनीं त्या साध्या मराठींतलेही कांहीं शब्द तरुणांस अडतात. इंग्रजांचेंही तसेंच. त्यांच्या १६११ सालच्या भाषांतरांत 'प्रिव्हेंट' हा शब्द आधीं जाणें या अर्थानें आला आहे, आणि आज त्याचा अर्थ अडविणें असा झाला आहे. त्यामुळें थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, जिवंत उरलेले मेलेल्यांच्या आधीं जाणार नाहींत असें जेथें पौल सांगतो, तेथें आजचा इंग्रज वाचक भलतेंच वाचतो. तेव्हां एकदां भाषांतर नवें केलें म्हणजे काम संपलें, असें होत नाहीं. शिवाय ज्या आजीस अक्षर येत नाहीं, पण सारी प्रार्थना तोंडपाठ येते, तिच्या तोंडचे शब्द काढून घेण्याचें धैर्य आम्हांस तरी नाहीं. तिला अर्थ सांगावा आणि शब्द तिचे तिच्याजवळ राहूं द्यावे. शमुवेलाच्या लेखकानेंही तेंच केलें.

एज्रानें पाणीवेशीपुढील चौकांत नियमशास्त्र वाचलें त्या दिवशीं लेवी लोकांमध्यें उभे राहून वाचलेल्याचा अर्थ सांगत होते. बाबेलाहून परतलेल्या पुष्कळांच्या तोंडीं अरामी बोली बसली होती. नुसतें ऐकून त्यांस पुरें समजलें नसतें. त्या लेव्यांचीं नांवें सातव्या वचनांत एकामागून एक दिलीं आहेत. उपदेशक बंधूंनीं तीं अवश्य वाचावीं. तुमच्याच कामाच्या माणसांचीं तीं नांवें आहेत.

मात्र एका गोष्टीस जपावें. अलीकडे कोणी कोणी थोडें शिकून, जी आज्ञा जड वाटते तिच्याविषयीं 'या शब्दाचा जुना अर्थ वेगळा होता' असें सांगून सुटका करून घेतात. वैऱ्यावर प्रीति करा, यांतील वैरी या शब्दाचा अर्थ आम्हीं पुष्कळ शोधून पाहिला. तो तेव्हां होता तोच आतां आहे. अर्थ बदलला आहे असें म्हणणारानें तो शब्द शास्त्रांत आणखी कोठें आला आहे तें दाखवावें, जुनें व नवें अशीं दोन भाषांतरें शेजारीं ठेवून वाचावीं, आणि गांवांतील सर्वांत वृद्ध माणसास त्याच्या लहानपणीं तो शब्द कसा वापरीत तें विचारावें. आतां मोबाइलवर तीन-चार मराठी भाषांतरें एकत्र मिळतात, तेव्हां खेड्यांतील उपदेशकासही हें अवघड राहिलें नाहीं.

येत्या रविवारीं मत्तयाचा विसावा अध्याय वाचावयाचा आहे. वाचनापूर्वीं उपदेशकानें मंडळींत जो आदल्या आठवड्यांत मजुरीवर गेला असेल त्यास उभें करून, आपल्या गांवीं सध्यां एका दिवसाची हजेरी किती पडते तें विचारावें. बायांची व पुरुषांची निराळी असेल तर तीही विचारावी. तो आंकडा फळ्यावर लिहावा, आणि वाचतांना जेथें जेथें रुपया येईल तेथें तोच मोठ्यानें म्हणावा.